विळा आणि पेशी : क्ष-किरणांच्या प्रकाशात चंद्रपूर–गडचिरोलीचा एक रक्तविकार

१. नावाचा प्रश्न

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आज दोन जिल्हे असले तरी २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत त्यांचा कारभार एकत्रच चालत असे. जुन्या कागदपत्रांतून हा सर्व मुलूख चांदा या नावाने येतो. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला हा प्रदेश वनाचा आणि भाताचा. भात कापावयाचा तो विळ्याने. ग्रामीण बोलींतून त्यालाच इळा म्हणतात. या नित्य परिचयाच्या हत्यारावरून ज्या रोगाला नाव मिळाले, तो रोग याच प्रदेशात मोठ्या प्रमाणावर आढळतो. परंतु येथील कोणीही त्याला विळ्याचा रोग म्हणत नाही. ‘सिकलसेल’ हा इंग्रजी जोडशब्द दवाखान्यातून गावात आला आणि पुढे त्याचे नुसते ‘सिकल’ झाले. विद्वानांनी घडविलेला ‘दात्रकोशिका’ हा शब्द ग्रंथांतच राहिला.

शब्द परका असणे ही काही मोठी अडचण नव्हे. अडचण निराळी आहे. ‘त्याला सिकल आहे’ या वाक्याने दोन अगदी भिन्न अवस्थांचा बोध होऊ शकतो. आईबापांपैकी एकाकडून सदोष जनुक आलेला मनुष्य हा केवळ वाहक असतो. त्याचे आयुष्य बहुधा इतरांसारखेच जाते. दोघांकडूनही तसे जनुक आलेला मनुष्य मात्र रुग्ण असतो, आणि वेदनांचे झटके, रक्तक्षय, वारंवार होणारे संसर्ग हे त्याच्या वाट्याला येते. या दोघांना एकच शब्द लागू झाला म्हणजे निरोगी मुलीचा विवाह मोडतो आणि आजारी मुलाच्या दुखण्याकडे ‘हे तर अनेकांना असते’ म्हणून दुर्लक्षही होते. या दोन अवस्थांतील भेद विज्ञानास कसा कळत गेला, त्यात क्ष-किरणांचा वाटा कोणता, आणि तो भेद या वनप्रदेशापर्यंत कितपत पोचला, याचा आढावा घेणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

परिभाषेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. इंग्रजीतील ‘सेल’ या संज्ञेस मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ म्हटले, तर शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘पेशी’ हा शब्द रूढ केला. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा पिंड. हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे आपण ज्याला स्नायू म्हणतो ते. मराठीने तो शब्द उचलून त्याला सूक्ष्म अर्थ दिला. ‘क्ष-किरण’ ही संज्ञा तर भाषांतराचा उत्तम नमुना आहे. विल्हेल्म रोंटगेन यांना नोव्हेंबर १८९५ मध्ये जे किरण आढळले त्यांचे स्वरूप अज्ञात असल्याने त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. मराठी बीजगणितात ती अज्ञात राशी ‘क्ष’ असल्यामुळे किरणांनाही क्ष हेच नाव मिळाले, आणि मूळ नावातील कल्पना तंतोतंत राखली गेली.

२. साध्या प्रकाशात दिसलेला विळा

१९०४ च्या अखेरीस शिकागोतील एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला एक तरुण दाखल झाला. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहता काही तांबड्या पेशी नेहमीप्रमाणे गोल व चपट्या न दिसता लांबट व वाकड्या दिसल्या. जेम्स हेरिक यांनी १९१० साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि पेशींच्या आकाराचे वर्णन करताना विळ्याची उपमा वापरली. १९२२ साली व्हर्न मेसन यांनी त्या उपमेचे रोगनाम केले. उपमा ही दिसण्याविषयी असते, कारणाविषयी नव्हे. त्यामुळे नाव मिळाले तरी रोग कळला असे झाले नाही.

या मर्यादेचा प्रत्यय लवकरच आला. १९१७ साली एमेल यांनी एका रुग्णाच्या रक्ताबरोबर तिच्या वडिलांचेही रक्त तपासले. काचपट्टीवर रक्ताचा थेंब बंद करून ठेवल्यावर वडिलांच्याही पेशी विळ्यासारख्या झाल्या. वडील मात्र धडधाकट होते. वाहक आणि रुग्ण यांची गल्लत जी आज गावोगाव होते, तिचा प्रारंभ असा प्रयोगशाळेतच झालेला आहे. दोघांचेही रक्त काचेवर विळे दाखविते. डोळ्याला भेद दिसत नाही.

पुढे १९२७ साली हान व गिलेस्पी यांनी प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकतात व तो परत दिला की बहुतांशी पूर्ववत होतात, हे सिद्ध केले. १९४० साली अर्व्हिंग शर्मन या विद्यार्थ्याला असे आढळले की, वाकलेल्या पेशीतून ध्रुवित प्रकाश जाताना तिच्या अंतर्भागात काहीतरी सुव्यवस्थित रचना असल्याची खूण मिळते. पेशीच्या आत काहीतरी ओळीने मांडले जात होते. ते काय, हे मात्र प्रकाश सांगू शकत नव्हता. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. तिच्या निम्म्याहून फार लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकाला अलग दाखविता येत नाही. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ हजार नॅनोमीटर असल्याने पेशी दिसते. तिच्यातील हिमोग्लोबिनचा रेणू जेमतेम सहा नॅनोमीटरांचा, तो दिसणे अशक्य.

३. क्ष-किरण आणि रेणूची रचना

क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या जवळपास असते. १९१२ साली माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठविण्यात आले, तेव्हा मागच्या काचेवर ठिपक्यांची नियमबद्ध नक्षी उमटली. ब्रॅग पितापुत्रांनी त्या नक्षीवरून अणूंची जागा शोधण्याची रीत बसविली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हे नेहमीच्या अर्थाचे चित्र नव्हे. हाडाचे जे छायाचित्र रुग्णालयात काढतात ती सावली असते. स्फटिकातून मिळते ती विखुरलेल्या किरणांची नोंद असते, आणि तिच्यातून रचना गणिताने उभी करावी लागते. सावली वाचता येते, नक्षी सोडवावी लागते.

१९३४ साली केंब्रिज येथे बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिन या प्रथिनाच्या ओल्या स्फटिकाची अशी पहिली स्पष्ट नक्षी मिळविली. तेथेच १९३७ साली व्हिएन्नाहून आलेल्या माक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिन हा विषय हाती घेतला. नक्षी सोडविण्याची निर्णायक युक्ती त्यांना १९५३ साली साधली : रेणूच्या ठरावीक जागी पाऱ्यासारखा जड अणू बसवावयाचा आणि नक्षीत पडणारा फरक मोजावयाचा. १९६० साली हिमोग्लोबिनची ढोबळ रचना प्रसिद्ध झाली. चार साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि प्रत्येकीत लोह धारण करणारा एक गट. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व जॉन केंड्र्यू यांना मिळाले.

सिकलसेलचा प्रश्न दरम्यान दुसऱ्या वाटेने पुढे सरकला होता. १९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटॅनो व त्यांचे सहकारी यांनी विद्युत्-संचारणाच्या पद्धतीने दाखविले की, रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते. निरोगी माणसाचे निराळे. आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र असतात. त्याच वर्षी जेम्स नील आणि बीट यांनी वंशावळींच्या आधारे स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला : एक जनुक सदोष असेल तर वाहक, दोन्ही असतील तर रुग्ण. एमेल यांच्या काचपट्टीवर जो भेद दिसला नव्हता तो बत्तीस वर्षांनी असा स्पष्ट झाला. रोगाचे मूळ पेशीत नव्हे तर रेणूत आहे, हे विधान वैद्यकाच्या इतिहासात प्रथमच सिद्ध झाले.

मग क्ष-किरणांनी काय केले? पेरुट्झ यांनी १९५० साली मिचिसन यांच्यासह, आणि १९५१ साली लिकोरी व आयरिश यांच्यासह, रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा अभ्यास केला. स्फटिकांच्या नक्षीत लक्षणीय फरक सापडला नाही. रेणूची ठेवण जवळजवळ तीच होती. फरक होता तो विद्राव्यतेत. प्राणवायू निघून गेल्यावर हे हिमोग्लोबिन फारच कमी विरघळते, आणि म्हणून पेशीच्या आत घट्ट होऊन मांडले जाते. शर्मन यांना दिसलेल्या सुव्यवस्थेचे कारण असे हाती आले. क्ष-किरणांचे हे उत्तर वरवर नकारात्मक असले तरी त्याचे मोल मोठे होते : दोष रेणूच्या सांगाड्यात नसून कोठे तरी त्याच्या पृष्ठभागावर, अल्प जागेत असला पाहिजे.

तो किती अल्प, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६–५७ मध्ये केंब्रिज येथेच रासायनिक पद्धतीने दाखविले. बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच फरक. ग्लुटामिक अम्लावर विद्युत्-भार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलीन पाणी टाळते. १९७५ साली लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूविरहित सिकल हिमोग्लोबिनच्या स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी मांडली, तेव्हा एका रेणूचे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खोबणीत बसून दुपदरी लड कशी तयार होते हे दिसले. अशा लडी एकत्र येऊन तंतू होतात, तंतू पेशीला आतून ताणतात, आणि लवचिक पेशी ताठ होऊन बारीक रक्तवाहिनीत अडकते. रुग्णाच्या हाडांतील असह्य कळेचे मूळ ते हेच. वाहकाच्या पेशीत मात्र निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन सामान्य प्रकारचे असल्याने नेहमीच्या परिस्थितीत तंतू वाढू शकत नाहीत. दोन शब्दांतील भेदाचा भौतिक आधार हा असा आहे.

४. मध्य भारतातील शोध

भारतात या विकाराची नोंद १९५२ साली झाली. लेमन व कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांच्या मजुरांतही त्याची नोंद झाली. १९५८ साली शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकल-वाहकांविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि नागपूरच्या आसपासचा प्रदेश या नकाशावर आला. त्यानंतरच्या पाहण्यांतून विदर्भाचा पूर्व भाग पुनःपुन्हा पुढे आला. काटे व लिंगोजवार यांच्या २००२ सालच्या आढाव्यात महाराष्ट्रातील माडिया, परधान, भिल्ल, पावरा व ओतकर या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के सांगितले आहे. विकार केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही. विदर्भातील अन्य समाजांतही तो आहे.

एवढा घातक दोष इतक्या लोकांत कसा टिकला? १९४९ साली हॉल्डेन यांनी थॅलेसेमियाच्या संदर्भात हिवतापाशी संबंध सुचविला होता. हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झाले. १९५४ साली ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिकल-वाहकांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळते हे दाखविले. परजीवी शिरलेली वाहकाची पेशी लवकर वाकते आणि प्लीहेत गाळली जाते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील भामरागड, एटापल्ली या भागांत हिवताप आजही मोठा शत्रू आहे. १९७३ साली हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा माडियांच्या उपचारांत हिवतापाचाच भार मोठा होता. या पार्श्वभूमीवर वाहकांची संख्या ही कोणाच्या पापाची वा अशुद्धतेची खूण नसून, पिढ्यान्‌पिढ्या तापाशी दिलेल्या झुंजीची खूण ठरते. परंतु येथेही भेद विसरता कामा नये : संरक्षण आहे ते वाहकाला. रुग्णाला हिवताप झाला तर तो अधिकच जीवघेणा ठरतो.

हे जनुक बाहेरून आले असावे, असा समज पूर्वी होता. १९८६ साली कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी जनुकाच्या आसपासच्या खुणांचा अभ्यास करून दाखविले की, भारतातील व पूर्व अरबस्तानातील सिकल जनुकाचा उगम आफ्रिकेतील जनुकांहून स्वतंत्र आहे. या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते आणि तंतू होण्यास अडथळा करते. म्हणून भारतीय रोग सौम्य, असे काही काळ मानले गेले. नागपूरच्या रुग्णालयांतील अनुभवाने हा समाधानाचा समज सर्वत्र लागू नाही हे दाखवून दिले. विदर्भातील अनेक बालकांना रोग तीव्र स्वरूपात होतो.

५. संपूर्ण पेशीचे चित्र

स्फटिकाच्या अभ्यासात एक उणीव अटळ होती. त्यात रेणू दिसतो, पेशी नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशीचे पातळ काप काढावे लागतात. अख्खी, न कापलेली, न रंगविलेली पेशी आतून पाहण्याची वाट मृदू क्ष-किरणांनी उघडली. १९५२ साली हान्स वोल्टर यांनी असे सुचविले की, सुमारे २.३ ते ४.४ नॅनोमीटर या तरंगलांबीच्या पट्ट्यात पाणी क्ष-किरणांना बरेचसे पारदर्शक राहते, तर कार्बनयुक्त पदार्थ त्यांना शोषून घेतात. पेशी मुख्यतः पाण्याची. तिच्यातील प्रथिने कार्बनची. अर्थात पाण्याच्या पार्श्वभूमीवर प्रथिने आपोआप उठून दिसतील.

कल्पना साधी असली तरी साधने यावयास दोन दशकांहून अधिक काळ लागला. क्ष-किरण काचेच्या भिंगाने एकवटता येत नाहीत. त्यासाठी समकेंद्री वर्तुळे कोरलेली अतिसूक्ष्म चकती लागते. गटिंगेन येथे ग्युन्टर श्माल यांनी १९७० नंतर या कामी पुढाकार घेतला. प्रखर किरणांसाठी सिंक्रोट्रॉन हे वर्तुळाकार यंत्र हवे. भारतात इंदूर येथे इंडस-१ आणि इंडस-२ ही यंत्रे उभारण्यात आली. विदर्भाला सर्वांत जवळची ती हीच. मृदू क्ष-किरणांनी अख्ख्या पेशीची त्रिमितीय चित्रे काढण्याचे काम मात्र मुख्यतः अमेरिकेतील बर्कली आणि युरोपातील केंद्रांत वाढले.

या पद्धतीने प्रारंभीच ज्या पेशी पाहिल्या गेल्या त्यांत तांबड्या पेशी होत्या, हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९९७ साली बर्कली येथील संशोधकांनी फॅल्सिपेरम हिवतापाचा परजीवी पेशीच्या आत कसा वाढतो याची चित्रे प्रसिद्ध केली. २०१२ साली याच पद्धतीने पेशीतील हिमोग्लोबिनचे मापनही झाले. किरण जितके शोषले जातील तितके प्रथिन अधिक, या साध्या नियमावर ते आधारलेले आहे. परजीवी वाढतो तसे यजमान पेशीतील हिमोग्लोबिन कमी होत जाते, हे त्यातून मोजता आले. २०१६ साली विळ्यासारख्या होणाऱ्या पेशींचेही त्रिमितीय चित्रण झाले, आणि एक विशिष्ट विकर रोखल्यास त्या क्रियेवर काय परिणाम होतो ते तपासण्यात आले. गडचिरोलीच्या रक्ताला ग्रासणारे दोन्ही प्रश्न, विळा आणि हिवताप, अशा रीतीने एकाच किरणाच्या प्रकाशात आले.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. किरण पेशीला इजा करतात. म्हणून पेशी अतिशीत करून गोठवावी लागते. जिवंत पेशी वाकताना पाहता येत नाही, तिचा एक क्षण तेवढा पाहता येतो. आणि रोगनिदानासाठी या यंत्राचा उपयोग नाही. रुग्णाच्या दारी ते कधी येणार नाही.

६. वनातील परीक्षानळी

मग या साऱ्या ज्ञानातून वनप्रदेशाच्या हाती काय आले? प्रथम आली ती एक परीक्षानळी. तीत रक्ताचा थेंब टाकतात. पेशी फोडणारे व प्राणवायू काढून घेणारे द्रावण तीत असते. नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. पेरुट्झ यांनी १९५०–५१ मध्ये मोजलेली विद्राव्यताच या नळीत डोळ्यांना दिसते. शाळेच्या पडवीत बसून करता येणारी ही चाचणी म्हणजे क्ष-किरणांनी उलगडलेल्या घटनेचे सर्वांत स्वस्त रूप होय.

परंतु गढूळपणा वाहकाच्या रक्तालाही येतो आणि रुग्णाच्याही. एमेल यांच्या काचपट्टीची मर्यादा शंभर वर्षांनी नळीत पुन्हा अवतरते. भेद हवा असेल तर पॉलिंग यांच्या मार्गाने, म्हणजे विद्युत्-संचारणाने किंवा त्यानंतर आलेल्या अधिक सुधारलेल्या पद्धतींनी, दुसरी चाचणी करणे अपरिहार्य आहे. पहिली चाचणी गावात आणि दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणी, यांच्या मधल्या दिवसांतच ‘सिकल आहे’ हे वाक्य घरोघर पोचते. नंतर आलेले ‘केवळ वाहक’ हे उत्तर त्या वाक्याच्या मागे धावत राहते.

ज्ञान आणि गरज यांतील अंतराचा आणखी एक अनुभव या जिल्ह्याने दिला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केल्यावर सिकलसेलचा अभ्यास हाती घेतला आणि विकार येथे पसरलेला आहे हे दाखविले. परंतु तेव्हा या रोगावर लोकांना देण्याजोगे फारसे काही नव्हते, आणि लोकांच्या दृष्टीने तो त्यांचा निकडीचा प्रश्नही नव्हता. यावरून त्यांनी लोकांना विचारून संशोधनाचा विषय ठरविण्याची रीत पत्करली. रोगाचे रेणवीय स्वरूप अन्य कोणत्याही जनुकीय विकाराआधी कळले असताना चाळीस वर्षांनीही गावाला त्याचा लाभ नव्हता, ही वस्तुस्थिती विज्ञानाच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

आज परिस्थिती बदलली आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते आणि झटके कमी होतात. लहान वयात पेनिसिलिन व लसीकरण यांनी संसर्ग टळतात. भरपूर पाणी पिणे आणि हिवताप टाळणे यांचेही महत्त्व तेवढेच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी, ओळखपत्र आणि विवाहपूर्व समुपदेशन हे त्याचे आधार आहेत. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक; एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन सामान्य असेल, तर अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही. समुपदेशनाचा सारा भार या दोन वाक्यांवर आहे.

ती वाक्ये सांगावयाची ती मात्र लोकांच्या भाषेत. मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया आणि तेलुगू या प्रदेशात शेजारी नांदतात. ओळखपत्रावरची ‘एएस’ व ‘एसएस’ ही अक्षरे डॉक्टरांना पुरेशी आहेत. पण उच्चारात ती एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की ऐकणाऱ्याला एका अक्षराचा फरक जाणवत नाही, आणि तोच फरक एका आयुष्याचा असतो. ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ हे दोन शब्द मराठीत तयार आहेत. गोंडी व माडियात त्यांचे प्रतिशब्द त्या भाषा बोलणाऱ्या आरोग्यसेविकांनीच ठरवावेत. एका साखळीतील एक अम्ल बदलले की पेशीचे काय होते, हे दाखविण्यास क्ष-किरण लागले. गढूळ नळी हाती धरलेल्या आरोग्यसेविकेने समोरच्या आईला ‘अजून दुसरी तपासणी बाकी आहे, तोवर मुलीला रोग आहे असे कोणालाही सांगू नका’ एवढे तिच्या बोलीत सांगितले, तर त्या ज्ञानाचा उरलेला प्रवास पूर्ण होईल.